सई, मुक्काम जंगलातच कर

पुणे

चि. सई,


तुझा मेल दोनदा वाचला. मार्चच्या सुट्टीत ऑस्टिनहून ग्वातेमालाला जायचं, माया लोकांचं टिकाल बघायचं, असं तुम्ही तिघी मैत्रिणींनी ठरवलंत, याचा मला फार आनंद झाला. तू विचारलंस, फ्लोरेस गावात तळ्याकाठी चांगलं हॉटेल मिळतंय, एसी आहे, गरम पाणी आहे, पहाटेच्या गाडीनं टिकालला जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मग जंगलातल्या साध्या लॉजवर राहायचा आग्रह मी का धरते? आणि पुढे लिहिलंस, "आत्या, आम्ही आर्किटेक्चरवाल्या. आम्हाला इमारती बघायच्यात, जंगल नाही." तुझ्या याच वाक्याला उत्तर द्यावंसं वाटलं, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

आधी उत्तर देऊन टाकते. जंगलातच राहा, आणि एक नाही, दोन रात्री राहा. टिकालच्या इमारती आणि टिकालचं जंगल या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. जे शहर बघायला तू निघालीस ते त्याच रानाच्या लाकडातून, त्याच रानाखालच्या चुनखडीतून आणि त्याच रानावर पडणाऱ्या पावसाच्या भरवशावर उभं राहिलं. दिवसाची फेरी केलीस तर दगड दिसतील, फोटो छान येतील. पण ते दगड तिथे का आणि कशाच्या बळावर उभे आहेत, ते कळणार नाही. मी जन्मभर वनस्पतीशास्त्र शिकवलं म्हणून मला असं वाटतं, असं तू म्हणशील. म्हण. पण पत्र पुरतं वाच आणि मग ठरव.

टिकाल पेतेन प्रांतात आहे. ग्वातेमालाचा हा उत्तरेकडचा सखल भाग: खाली चुनखडक, वर दाट रान. फ्लोरेसपासून टिकाल साधारण ६४ किलोमीटर. १९५५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, ५७६ चौरस किलोमीटरचं. आणि १९७९ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो संस्कृती आणि निसर्ग अशा दोन्ही निकषांवर. असा दुहेरी मान जगात मोजक्याच जागांना मिळालेला आहे. म्हणजे तू जी फाळणी करतेस, इमारती एकीकडे आणि जंगल दुसरीकडे, ती दर्जा देणाऱ्यांनीही केली नाही.

उद्यानाच्या आत, प्रवेशकेंद्राजवळच, राहायच्या मोजक्या जागा आहेत. १९५६ ते १९७० या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं इथे मोठं उत्खनन केलं. माणसं आणि सामान जंगलात काढलेल्या धावपट्टीवर छोट्या विमानानं उतरत, आणि काम करणाऱ्यांसाठी झोपड्या, स्वयंपाकघर, कोठारं अशी वस्तीच उभी राहिली होती. आजच्या मुक्कामाच्या सोयींची मुळं त्या छावणीत आहेत. त्यामुळे तिथे रिसॉर्टचा थाट शोधू नकोस. मी राहिले ती खोली म्हणजे लाकडी भिंती, वर ताडासारख्या झाडाच्या पानांनी शाकारलेलं छप्पर, खिडक्यांना काचेऐवजी जाळी, आणि खाटेवर मच्छरदाणी. वीज जनरेटरची. तो ठरलेल्या वेळीच चालतो आणि रात्री बंद होतो. त्याबरोबर पंखाही थांबतो. टॉवेल दोन दिवसांत वाळत नाही. पाणी जपून वापरा, अशी पाटी न्हाणीघरात लावलेली होती, आणि ती पाटी किती खरी आहे ते पुढे सांगते. जमिनीवर चपला-बूट रात्रभर उघडे ठेवायचे नाहीत, सकाळी झटकून घालायचे. अंधारात टॉर्चशिवाय दहा पावलंही जायचं नाही. तिथे 'बार्बा अमारिया' नावाचा अतिशय विषारी साप आहे, आणि तो वाटेवरच्या पाचोळ्यात दिसत नाही. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. एवढं पाळलं की निर्धास्त राहता येतं.

जेवण साधं: काळ्या घेवड्याची उसळ, अंडी, तळलेली केळी, आणि मक्याच्या टॉर्टिया. या टॉर्टियाकडे नीट बघ. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजत ठेवतात, मग धुऊन वाटतात. मेसोअमेरिकेतल्या बायकांनी हजारो वर्षांपूर्वी शोधलेली ही रीत. मक्यातलं नायसिन एरवी शरीराला मिळत नाही, चुन्यानं ते मोकळं होतं. युरोपनं मका उचलला, पण चुन्याची रीत उचलली नाही. मग उत्तर इटलीत आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. त्वचा सोलवटणारा, बुद्धी भ्रमित करणारा रोग. टिकालची देवळं ज्या भाजलेल्या चुन्यानं लिंपली होती, त्याच चुन्यात त्या लोकांनी आपलं अन्न शिजवलं. एका जमिनीनं घर आणि घास दोन्ही दिले, असं मी म्हणते ते अगदी शब्दशः आहे.

आता रात्रीबद्दल. जनरेटर थांबला की पहिल्यांदा कान बावरतात. मग एकेक आवाज वेगळा होऊ लागतो: रातकिडे, बेडूक, छपरावरून काहीतरी सरपटत गेल्याचा. आणि पहाटेच्या काळोखात हाउलर माकडं ओरडायला लागतात. तू त्यांचा आवाज फोनवर ऐकला असशील, पण तिथे तो छातीत वाजतो. या माकडांच्या गळ्यातलं एक हाड फुगून पोकळ झालेलं असतं, त्यातून आवाज घुमतो आणि दोन-तीन किलोमीटरवर सहज ऐकू जातो. एक टोळी ओरडते, दुसरी दूरवरून उत्तर देते. कोणाचं झाड कोणतं याचा निवाडा मारामारीऐवजी आवाजानं होतो. तिथलं काळं हाउलर जगात फक्त मेक्सिको, ग्वातेमाला आणि बेलीझमध्येच सापडतं. सकाळी दहाच्या गाडीनं येणाऱ्यांना ती पानांमागे निजलेली दिसली तर दिसतात. शहराच्या चौकात फिरणारे ते निळ्या डोक्याचे, पिसांवर डोळे असलेले रानटर्कीही सकाळी अंगणात येतात. लॉजच्या पायऱ्यांवर बसून चहा पिताना मी ते हातभर अंतरावरून पाहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चौथ्या देवळावर जा. ठरलेल्या वेळेआधी आत जायला वेगळं तिकीट आणि परवानाधारक वाटाड्या लागतो, तो लॉजवरच ठरवता येतो. लाकडी जिन्यानं वर चढायचं. हे देऊळ साधारण ६५ मीटर उंच, यिकिन चान काविल या राजानं इ.स. ७४१ च्या सुमारास उभारलेलं. वरून सूर्योदय दिसेलच असं नाही. बहुतेक सकाळी धुकं असतं. मला तर धुक्यातली सकाळच जास्त मोलाची वाटते. खाली पांढरं काही हलत असतं, त्यातून हळूहळू झाडांचे शेंडे वर येतात, आणि त्यांच्यावर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या देवळांची शिखरं. १९७७ सालच्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मध्ये हेच दृश्य आहे, त्यामुळे सगळे तिथे कॅमेरे सरसावून बसतात. तूही काढ फोटो. पण मग मागे वळ आणि देवळाच्या दाराकडे बघ, कारण मला जे सांगायचं आहे ते त्या दारावर आहे.

तुला कॉलेजात शिकवलं असेल, माया लोकांना खरी कमान माहीत नव्हती. दगड दोन्ही बाजूंनी थोडे थोडे पुढे सरकवत नेऊन वर टोपी ठेवायची, अशी त्यांची रचना. म्हणून भिंती जाड, खोल्या अरुंद. पण त्या जाड भिंतीत दार सोडायचं तर वर उत्तरंग हवा, आणि त्यावर शिखराच्या कळसाचा प्रचंड भार. दगडी उत्तरंग त्या रुंदीला टिकला नसता. त्यांनी लाकूड वापरलं. आणि ते लाकूड कोणत्या झाडाचं, ठाऊक आहे? चिकूचं.

आपला चिकू, सई. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतला, तुझ्या आजीच्या अंगणातला. चिकूचं झाड मुळात त्याच रानातलं, मेक्सिकोच्या दक्षिणेपासून मध्य अमेरिकेपर्यंतच्या जंगलातलं. आज भौगोलिक मानांकन मिरवणाऱ्या घोलवडच्या चिकूचे पूर्वज टिकालच्या आसपास उंच वाढतात, इतके उंच की खालून पानं ओळखू येत नाहीत. घोलवडला आपण कलमी, बुटकी, फांद्या पसरलेली झाडं पाहतो. तिथे तोच जीव ३० मीटरच्या आसपास सरळ वर गेलेला असतो. लाल, जड, लोखंडासारखं लाकूड; वाळवी त्याला लागत नाही. त्या तुळयांवर राजाची मिरवणूक, सिंहासन, पिसांचे मुकुट आणि ओळीओळींनी चित्राक्षरं कोरलेली. चौथ्या देवळातले कोरीव उत्तरंग मात्र तुला तिथे दिसणार नाहीत. १८७७ साली गुस्टाव बर्नुली नावाच्या स्विस डॉक्टरनं ते काढून नेले, आणि आज ते स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या संग्रहालयात आहेत. बर्नुली स्वतः परतीच्या वाटेवरच वारला. अकरा शतकांहून जास्त काळ पाऊस, वटवाघळं, मुळं यांना पुरून उरलेलं ते चिकूचं लाकूड अजून वाचता येतं. आपल्या वाड्यांतल्या सागवानी तुळयांचं तुला कौतुक आहे; मग इथे थांबून दोन मिनिटं हे मनात घोळव.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त हलवून गेली. संशोधकांनी टिकालच्या देवळांतल्या आणि राजवाड्यांतल्या तुळयांच्या लाकडाचा अभ्यास केला. सुरुवातीला सगळीकडे चिकूच. मग इ.स. ७४१ नंतर अचानक लॉगवूड दिसायला लागतं: पाणथळ भागात वाढणारं, बुटकं, वाकडं, ज्यापासून पुढे युरोपियनांनी रंग काढला ते झाड. कोरीव कामाला ते फारसं सोयीचं नाही. ८१० च्या सुमारास चिकू परत येतो, पण तुळया आता लहान आहेत. म्हणजे मोठी झाडं संपत आली होती. चुना भाजायलाही लाकूड लागत होतं, स्वयंपाकाला लागत होतं, आणि देवळं उंच उंच होत चालली होती. टिकालमधला तारीख कोरलेला शेवटचा स्तंभ ८६९ सालचा आहे. त्यानंतर राजांनी दगडावर काही लिहिलेलं सापडत नाही.

एवढ्यावरून 'झाडं तोडली म्हणून शहर बुडालं' असं सरळ गणित मांडू नकोस. दुष्काळ होते, कालाकमुल या दुसऱ्या माया शहराशी आणि इतरांशी पिढ्यानपिढ्या युद्धं होती, राजांवरचा विश्वास उडाला होता. एका कारणावर बोट ठेवणाऱ्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. पण तुळयांची जाडी खोटं बोलत नाही. इमारतीचा आलेख त्या गावच्या झाडांच्या आलेखाशी बांधलेला असतो, हे तुझ्या पुढच्या कामात तुला उपयोगी पडेल.

माहितीपत्रकांत एक वाक्य हमखास असतं: जंगलानं शहर गिळलं. मला ते पटत नाही. जंगल आधी होतं, मध्ये होतं, नंतरही आहे. शहर भरात होतं तेव्हाही घरांभोवती परसबागा होत्या, फळझाडं राखलेली होती. आज अवशेषांच्या टेकाडांवर चिकू आणि रामोन ही झाडं दाट दिसतात. काही अभ्यासकांच्या मते हा जुन्या बागांचा वारसा, काहींच्या मते पडक्या चुनखडीच्या ढिगांची माती त्या झाडांना मानवते एवढंच. वाद मिटलेला नाही. मला पहिलं म्हणणं बऱ्याच अंशी खरं वाटतं. आणि २०१८ साली लायडरचे निष्कर्ष आले, विमानातून लेसरचे किरण सोडून पानांखालची जमीन मोजण्याचं तंत्र, तेव्हा उत्तर ग्वातेमालाच्या सुमारे २१०० चौरस किलोमीटर भागात ६० हजारांवर बांधकामं दिसली. घरं, बांध, उंच रस्ते, कालवे, तटबंद्या. ज्याला आपण रिकामं रान म्हणत होतो ते घरादारांनी आणि शेतांनी भरलेलं होतं.

आता त्या न्हाणीघरातल्या पाटीकडे येते. टिकालला नदी नाही. चुनखडीत पाणी मुरून खोल जातं. विहीर खणून भागत नाही. हजारोंची वस्ती होती ती पावसावर, आणि पाऊस वर्षातले काही महिने पडतच नाही. तुम्ही मार्चमध्ये जाल तेव्हा कोरडा ऋतू ऐन भरात असेल. मग हे लोक प्यायले काय? तू मुख्य चौकात उभी राहशील तेव्हा पायाखालच्या जमिनीचा उतार बघ. चौक, गच्च्या, अंगणं सगळी गिलाव्यानं पक्की केलेली होती आणि तलावांकडे कललेली होती. म्हणजे जिला आपण 'सभेची मोकळी जागा' म्हणतो ती पाणलोटही होती. बांध घालून, खाणीचे खड्डे वापरून त्यांनी तलाव केले. त्यांपैकी कोरिएंताल नावाच्या तलावात २०२० साली एक विलक्षण गोष्ट उघडकीला आली: स्फटिकाची वाळू आणि झिओलाइट हे खनिज, पाणी गाळण्यासाठी दुरून आणलेलं. आजही पाणी शुद्ध करायला झिओलाइट वापरतात. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासात राजवाड्याजवळच्या तलावांत पारा आणि विषारी शेवाळ सापडलं. पारा बहुधा त्यांच्या लाल रंगातून, हिंगुळातून, पावसाबरोबर वाहून आलेला. म्हणजे राजाच्या दाराशी पाणी नासलेलं होतं आणि दूरच्या तलावात ते गाळलेलं. मी तिथे राहिले तेव्हा हे अभ्यास झालेले नव्हते. पण बादलीभर पाण्यात अंग धुताना, या गावाला आजही पाणी आणावं लागतं, ही जाणीव मला झाली होती. एसीच्या हॉटेलात शॉवरखाली उभं राहून ती होत नाही, म्हणून मी लॉजचा हट्ट धरते.

सई, यापुढचं जरा जड आहे, पण लिहायलाच हवं.

तिथे दर वाटाड्याला एक प्रश्न विचारला जातो: "माया लोक कुठे गेले?" तू तो विचारू नकोस. तो ज्याला विचारला जातो तो पुष्कळदा स्वतः माया असतो. टिकाल ओस पडल्यावरही माया लोक राहिलेच, उत्तरेला युकातानमध्ये, दक्षिणेच्या डोंगरांत, आणि पेतेनमध्येच तळ्यातल्या बेटावर. तुमचं फ्लोरेस ज्या बेटावर आहे तिथे इत्झा मायांची राजधानी नोहपेतेन होती. मेक्सिकोत अझटेकांचं राज्य १५२१ साली पडलं. नोहपेतेन पडलं १६९७ च्या मार्चमध्ये, पावणेदोनशे वर्षांनी. २०१८ च्या जनगणनेत ग्वातेमालाच्या सुमारे ४२ टक्के लोकांनी स्वतःला माया म्हणून नोंदवलं; हे साठ लाखांहून जास्त लोक.

आणि या लोकांनी काय सोसलं तेही माहीत असू दे. १९६० ते १९९६, छत्तीस वर्षं त्या देशात यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं नेमलेल्या सत्यशोधन आयोगानं १९९९ साली अहवाल दिला: दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि ज्यांची ओळख पटली त्यांपैकी ८३ टक्के माया होती. बहुतेक अत्याचारांची जबाबदारी आयोगानं सरकारी फौजांवर आणि त्यांच्या हाताखालच्या टोळ्यांवर ठेवली. त्या काळात एकीकडे टिकाल जगाला दाखवलं जात होतं. मेलेल्या मायांचा अभिमान आणि जिवंत मायांवर गोळी, हे एकाच देशात एकाच वेळी घडू शकलं. रिगोबेर्ता मेंचू या किचे माया बाईला १९९२ साली शांततेचं नोबेल मिळालं, त्याआधी तिनं आईवडील आणि भाऊ गमावले होते. जुन्या दगडांवर प्रेम करणाऱ्यांनी ही गोष्ट टाळून पुढे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मुख्य चौकात पहिल्या आणि दुसऱ्या देवळांच्या मध्ये राखेनं काळी झालेली एक गोल जागा दिसेल. ती जुनी नाही. आजचे माया पुजारी तिथे अग्नी पेटवतात, रंगीत मेणबत्त्या वाहतात, कोपाल जाळतात. कोपाल म्हणजे तिथल्या एका झाडाचा डिंक. ते झाड आपल्या सालई आणि गुग्गुळाच्या कुळातलं, त्यामुळे वास आल्यावर तुला घरच्या धुपाची आठवण होईल. डोंगराळ भागात २६० दिवसांची जुनी दिनगणना सांभाळणारी माणसं अजून आहेत. विधी चालू असेल तर लांब उभी राहा, फोन खिशात ठेव, विचारल्याशिवाय फोटो घेऊ नकोस.

दुसरी रात्र मी का सांगते, तर उआशाक्तुनसाठी. टिकालच्या उत्तरेला २३ किलोमीटर, कच्चा रस्ता, उद्यानातूनच जावं लागतं. कार्नेगी संस्थेनं १९२६ ते १९३७ तिथे उत्खनन केलं. तिथली 'ई' समूहाची मांडणी तुला आवडेल: एका बुटक्या पिरॅमिडवर उभं राहून समोरच्या तीन देवळांकडे बघायचं, संपातांना सूर्य मधल्या देवळामागून उगवतो, उन्हाळी आणि हिवाळी अयनांना दोन टोकांच्या देवळांमागून. तुमच्या सुट्टीच्या तारखा २० मार्चच्या जवळपास असतील तर तो दिवस साधा.

पण मला तुला तिथे पाठवायचं आहे ते त्या गावासाठी. उआशाक्तुन हे गाव चिकूच्या चिकावर वसलं. चिकूच्या खोडावर नागमोडी चिरा मारल्या की पांढरा चीक खाली ओघळतो. तो कढवून त्याच्या वड्या करायच्या. त्यालाच चिकले म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या थॉमस अॅडम्सनं त्यापासून च्युइंगम बनवलं आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकेनं चघळला तो चीक या रानातून गेला. चीक काढणारे चिकलेरो पावसाळ्यात महिनोनमहिने जंगलात राहत, कमरेला दोर बांधून झाडावर चढत. दोर चुकून कोयत्यानं कापला गेला की माणूस गेला. किती तरी विसरलेल्या शहरांची वाट संशोधकांना याच लोकांनी दाखवली. पुस्तकांत नावं संशोधकांची आली, चिकलेरोंची नाहीत. टिकालच्या वाटांवरही जुन्या खोडांवर त्या तिरप्या चिरांचे वण दिसतात, हात लावून बघ. नंतर कृत्रिम गम आला आणि धंदा बसला. उआशाक्तुनमध्ये ज्या धावपट्टीवरून चिकले विमानानं जायचं, तिथे आता गवत आहे आणि पोरं फुटबॉल खेळतात. दोन्ही बाजूंनी घरं.

१९९० साली या सगळ्या भागाचं माया राखीव जैवक्षेत्र झालं, २१ हजार चौरस किलोमीटरचं. पिढ्यानपिढ्या जंगलावर जगलेल्या लोकांना भीती वाटली की आता आपल्याला हाकलणार. त्यांनी संघटित होऊन मागणी लावून धरली, आणि काही गावांना जंगलाचे हक्क करारानं मिळाले. उआशाक्तुनच्या वाट्याला ८३ हजार हेक्टरांहून जास्त रान आलं. गावकरी ठरवून थोडी महोगनी तोडतात, शाते नावाच्या पामची पानं पुष्पगुच्छांसाठी निर्यात करतात, ऑलस्पाइस गोळा करतात, थोडा चीकही काढतात. आज उपग्रहाची चित्रं बघितली तर पश्चिमेकडची कडक संरक्षणाची राष्ट्रीय उद्यानं गुरांच्या कुरणांसाठी जाळून भुंडी झालेली दिसतात, आणि या गावांच्या ताब्यातलं जंगल बऱ्यापैकी उभं आहे. मी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आले की जंगल वाचवायचं तर माणसं बाहेर काढा, असं म्हणणाऱ्यांचं पूर्ण ऐकू नका. उआशाक्तुन त्याचा भक्कम पुरावा आहे. तिथेही राहायची साधी सोय आहे, टिकालहूनही साधी. एक दुपार तरी तिथल्या शातेच्या शेडमध्ये बस. बायका पानं निवडत असतात. बोलायला तुझं मोडकं स्पॅनिश पुरेल.

आता कामाचं. दोन्हीकडे रोख केत्साल जवळ ठेवा, कार्डावर विसंबू नका. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, घोट्यावर येणारे बूट, डासांचं मलम, टॉर्चचे जादा सेल, पाणी गाळायची बाटली. दुपारी अकरा ते तीन खोलीवर पडा, उन्हात देवळं चढू नका. लॉजचं आरक्षण आत्ताच करून टाका, खोल्या थोड्या असतात. रात्री तुम्ही जंगलात राहणार म्हणून तुझे बाबा काळजीत आहेत. त्यांच्याशी मी बोलते, ते माझ्यावर सोड.

आणि एक काम माझ्यासाठी कर. चौथ्या देवळाचा छेद काढशीलच, तो सगळे काढतात. तू तो जरा लांबवर ने. देवळापासून चौकाच्या उतारावरून तलावापर्यंत, तलावापलीकडच्या झाडांपर्यंत, आणि खाली चुनखडकापर्यंत. दारावर उत्तरंग दाखव आणि त्याच कागदावर, त्याच प्रमाणात, एक पूर्ण वाढलेलं चिकूचं झाड उभं कर. लांबी जुळते का ते मला मोजून कळव. कागद मोठा लागेल. घडी घालून पाठवलास तरी चालेल.

तुझी,
आत्या